फॉर्म्युला स्टुडंट टीम: मॅनेजमेंट शिकायला पैसे वसूल आहेत का?

इंजिनिअरिंग कॉलेजांच्या माहितीपत्रकात 'लीडरशिप' हा शब्द हल्ली प्लेसमेंटच्या आकड्यांच्या खालोखाल छापलेला असतो. प्रत्यक्षात त्यासाठी कॉलेजकडे चार गोष्टी असतात: अभ्यासक्रमातला मॅनेजमेंटचा एखादा पेपर, दोन दिवसांची कार्यशाळा, एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) कोर्स आणि वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये रात्री उशिरापर्यंत ग्राइंडर चालवणारी रेसिंग टीम. पहिल्या तिघींकडे पुढे वळूच. हे परीक्षण चौथीचं आहे, आणि तेही गाडीचं नाही. फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये दोन-तीन वर्षं घालवलेल्या विद्यार्थ्याला माणसं, पैसा आणि वेळ सांभाळता येऊ लागतो का, आणि येत असेल तर त्याची जी किंमत मोजावी लागते ती वाजवी आहे का, एवढंच इथे तपासलं आहे.

आमचे गुण: पाचपैकी चार. मात्र मागच्या बॅचने पुढच्या बॅचला लेखी काही सोपवण्याची पद्धत टीममध्ये नसेल तर दोनच. हा फरक इतका मोठा का, ते खाली येईल.

ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. विद्यार्थ्यांनी एका सीटची छोटी रेसिंग कार स्वतः डिझाइन करायची, बनवायची आणि स्पर्धेत उतरवायची, ही कल्पना अमेरिकेतली. १९८१ पासून ती फॉर्म्युला एसएई या नावाने चालते. ब्रिटनमध्ये १९९८ साली फॉर्म्युला स्टुडंट सुरू झालं, नंतर जर्मनीतली हॉकेनहाइमची स्पर्धा आली. आपल्याकडे कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणारी फॉर्म्युला भारत आणि एसएईइंडिया या वाहन अभियंत्यांच्या संघटनेची सुप्रा या त्याच घराण्यातल्या. बाहा ही चिखलात, खडकांत चालणाऱ्या गाड्यांची चुलत बहीण. ती भारतात २००७ पासून आहे आणि तिचं माहेर इंदूरजवळचं पीथमपूर. महाराष्ट्रातून आयआयटी मुंबई, सोमय्या, व्हीजेटीआय, डी. जे. संघवी, सीओईपी अशा बऱ्याच कॉलेजांच्या टीम यांत उतरतात. पेट्रोल गाडी बनवणाऱ्या अनेक भारतीय टीम केटीएम मोटरसायकलचं ३७३ सीसी इंजिन वापरतात. ते चाकणला बनतं, त्यामुळे पुण्याच्या पोरांना सुटे भाग निदान हाकेच्या अंतरावर मिळतात.

हजार गुणांचा हिशोब

या प्रशिक्षणाची खरी ताकद गुणपद्धतीत आहे. एकूण गुण १०००. त्यातले ३२५ गाडी जागची न हलवता मिळतात: इंजिनिअरिंग डिझाइनला १५०, कॉस्ट अँड मॅन्युफॅक्चरिंगला १००, बिझनेस प्लॅन प्रेझेंटेशनला ७५. उरलेले ट्रॅकवर. ट्रॅकवरच्या गुणांत सर्वांत मोठा वाटा एन्ड्युरन्सचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या शर्यतीचा. ती पूर्ण झाली नाही तर इंधन-कार्यक्षमतेचे गुणही हातचे जातात.

मॅनेजमेंटच्या नजरेतून हे नीट वाचावं. आकर्षक पण अर्धवट गाडीला इथे शिक्षा होते. साधी पण शेवटपर्यंत चालणारी गाडी वर येते. कुठलं फीचर सोडून द्यायचं हे ऑगस्टमध्ये ठरवणारी टीम जानेवारीत पुढे असते, आणि 'हे करायचं नाही' हे पंधरा हुशार मुलांना पटवून देणं हे लीडचं पहिलं खरं काम. कार्यशाळेतल्या स्पॅगेटीच्या काड्यांचा मनोरा उभारण्याच्या खेळात हे येत नाही, कारण तो कोसळला तर सगळे हसतात आणि जेवायला जातात.

वेळेचंही तसंच. स्पर्धेला मुदतवाढ नसते. चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, मजबुतीचा हिशोब मांडणारी शीट, कॉस्टची कागदपत्रं, इलेक्ट्रिक गाडी असेल तर तिचे वेगळे फॉर्म, या सगळ्यांच्या तारखा ठरलेल्या असतात आणि उशीर झाला की गुण कापले जातात. सबमिशनची तारीख सरांशी बोलून पुढे ढकलायची सवय लागलेल्या मुलांना हा पहिला धक्का.

जानेवारीतली स्पर्धा धरून उलटी गणती केली तर वेळापत्रक साधारण असं बसतं. जुलैअखेर डिझाइन गोठवायचं. ऑगस्टमध्ये बाहेरून मागवायच्या सगळ्या वस्तूंच्या ऑर्डर द्यायच्या. सप्टेंबरमध्ये चॅसीचं वेल्डिंग. दिवाळीच्या सुट्टीआधी गाडी चाकांवर उभी. नोव्हेंबर-डिसेंबर चाचण्या. कागदावर हे दरवर्षी असंच असतं. प्रत्यक्षात डिझाइन गणपतीपर्यंत हलत राहतं, आयात केलेले टायर कस्टम्समध्ये अडकतात, नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाची परीक्षा येते, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा सुरू झालेली गाडी ट्रकमध्ये चढते. पुण्याहून कोइम्बतूर हजार किलोमीटरच्या वर आहे. ट्रक गाठायचा म्हणून पेंट ओला असतानाच निघालेल्या गाड्या पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत) लगेच ओळखू येतात.

याचं मूळ बहुतेक वेळा एकच: परीक्षेचे दिवस वेळापत्रकात धरलेलेच नसतात. परीक्षेच्या साडेतीन-चार आठवड्यांत कोणीही शेडमध्ये येणार नाही असं मानून आखणी केली, तर डिझाइन जूनअखेर गोठवावं लागतं. ते कोणाला नको असतं, कारण जूनमध्ये नवा लीड नुकताच खुर्चीवर बसलेला असतो आणि त्याला 'आपली' गाडी हवी असते. गेल्या वर्षीचा सस्पेन्शन चांगला चालला, तोच ठेवू, असं म्हणण्याचं धैर्य एकविसाव्या वर्षी फार थोड्यांकडे असतं. ज्यांच्याकडे असतं त्यांच्या गाड्या एन्ड्युरन्स पूर्ण करतात.

बोल्टची लांबी

टीममध्ये मॅनेजमेंट कसं शिकवलं जातं याचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. गाडी ट्रॅकवर सोडण्याआधीच्या तपासणीत, म्हणजे टेक्निकल इन्स्पेक्शनमध्ये, स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, सीटबेल्ट अशा जागांचे बोल्ट तपासतात. नियम सोपा आहे: बोल्ट किमान ८.८ ग्रेडचा हवा, नट आपोआप सैल होणार नाही अशा जातीचा हवा, आणि असा लॉक नट आवळल्यावर बोल्टचे किमान दोन पूर्ण आटे बाहेर दिसायला हवेत. परीक्षक टॉर्च घेऊन वाकतो, विशबोनच्या (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी बोट ठेवतो आणि म्हणतो, दीड आटाच दिसतोय. गाडी रांगेतून बाहेर.

मुलं म्हणतात, साधा बोल्ट होता. खरं कारण शोधत मागे गेलं की चित्र वेगळं दिसतं. डिझाइन करणाऱ्याने मॉडेलमध्ये ३५ मिलिमीटरचा बोल्ट दाखवला होता. बिल ऑफ मटेरिअलमध्ये, म्हणजे सामानाच्या यादीत, 'एम८ बोल्ट, ८.८, नग २४' एवढंच लिहिलं गेलं, लांबीचा रकानाच नव्हता. खरेदीला गेलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाने दुकानदाराला विचारलं, दुकानदाराने चालतील ते ३० मिलिमीटरचे दिले. जोडणी करणाऱ्याने मध्ये एक वॉशर जास्त घातला. चौघांपैकी कोणीही हलगर्जी नव्हता. माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना गळली, एवढंच. चांगली टीम त्या रात्री बोल्ट बदलते, आणि परत आल्यावर शीटमध्ये लांबी, नटाचा प्रकार व टॉर्क (किती जोराने आवळायचा) असे तीन रकाने वाढवते. कच्ची टीम खरेदीवाल्या मुलाला झापते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच अडकते.

आत नायलॉनची कडी असलेल्या लॉक नटाचंही असंच. ब्रेक डिस्क किंवा एक्झॉस्टजवळ तो चालत नाही, तापला की नायलॉनची पकड जाते, म्हणून तिथे पूर्ण धातूचा लॉक नट लागतो. डिझाइनवाल्याला ते माहीत असतं. जोडणी करणाऱ्याला सांगायचं राहून जातं.

कारखान्यात पुढे जे 'फाइव्ह व्हाय' (पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण शोधणं) किंवा एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच विचार) म्हणून शिकवतात ते इथे आपोआप घडतं. फक्त कोणीतरी ते लिहून काढलं पाहिजे.

पैसा

पेट्रोल गाडीच्या टीमचं वर्षाचं बजेट ढोबळमानाने दहा ते वीस लाख रुपये धरावं. इलेक्ट्रिक गाडी असेल तर बॅटरी, मोटर आणि कंट्रोलरमुळे ते सहज दुप्पट होतं. बाहाची साधी गाडी याहून बरीच स्वस्तात उभी राहते. हा पैसा तीन वाटांनी येतो: कॉलेज, प्रायोजक आणि सभासदांची वर्गणी.

प्रायोजक मिळवणं हे या प्रशिक्षणाचं सर्वांत कमी लेखलं जाणारं अंग. बहुतेक टीम पन्नास कंपन्यांना एकच पीडीएफ पाठवतात आणि उत्तर येत नाही म्हणून कुरकुरतात. ज्यांना यश मिळतं ते पैसे मागतच नाहीत, वस्तू किंवा काम मागतात. लेझर कटिंग करणाऱ्या भोसरीच्या कारखानदाराला दोन लाख देणं जड जातं, पण शनिवारी रिकाम्या असलेल्या मशीनवर चार तास काम करून देणं जड जात नाही. बेअरिंगच्या वितरकाकडे सोळा नग मागणं सोपं. मागताना ड्रॉइंग, मटेरिअल, जाडी, नग आणि कधीपर्यंत हवं हे एका पानात द्यावं. 'आमच्या प्रवासात सहभागी व्हा' छापाची वाक्यं गाळावीत.

मोठ्या कंपनीकडे जायचं तर वेळ पाळावी. मार्केटिंग किंवा एचआरचं बजेट आर्थिक वर्षावर चालतं, तेव्हा एप्रिल-मे मध्ये विचारलेलं बरं. ऑक्टोबरमध्ये गेलात तर लोगो कुठे लावणार याची चर्चा छान होते आणि चेक मात्र निघत नाही. टीमला स्वतःचा पॅन नसतो, त्यामुळे पैसा कॉलेजच्या खात्यात जमा होतो. तिथून तो बाहेर काढायला तीन कोटेशनं, तुलना तक्ता, विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही आणि मग अकाउंट्स. दोन ते सहा आठवडे गृहीत धरावेत. एकाच पुरवठादाराकडे मिळणाऱ्या वस्तूला तीन कोटेशनं आणायची कुठून, हा प्रश्न दरवर्षी पडतो. उत्तर असं की 'एकमेव पुरवठादार' असल्याचं कारण नमूद करणारी टिपणी आधी मंजूर करून घ्यायची. ती लिहायला जो विद्यार्थी शिकला, तो नोकरीत पहिल्या वर्षी परचेसवाल्यांचा लाडका होतो.

कॉस्ट इव्हेंटमध्ये याचीच उलटतपासणी होते. गाडीवरचा प्रत्येक भाग यादीत असावा लागतो, आणि परीक्षक यादी हातात घेऊन गाडीभोवती फिरतो. यादीत आहे पण गाडीवर नाही, किंवा गाडीवर आहे पण यादीत नाही, दोन्हीला दंड. शिवाय हा भाग असाच का बनवला, मिलिंगऐवजी शीट मेटलमधून का नाही, असे प्रश्न. बहुतेक भारतीय टीम हे काम शेवटच्या पंधरवड्यात दोन ज्युनिअर मुलांच्या गळ्यात बांधतात. शंभर गुणांच्या कामाला एवढीच किंमत दिली की निकालही तसाच लागतो.

बिझनेस प्लॅनला दहा मिनिटं मिळतात. समोरचे परीक्षक गुंतवणूकदाराच्या भूमिकेत असतात आणि टीमने आपल्या गाडीभोवती एक धंदा उभा करून दाखवायचा असतो. इथली नेहमीची चूक म्हणजे पहिली सहा मिनिटं गाडीच्या तांत्रिक गुणगानात जातात. समोरच्याला तीन गोष्टी हव्या असतात: गिऱ्हाईक कोण, एका गाडीमागे किती सुटतात, पैसा कधी परत येतो. 'पहिल्या वर्षी हजार गाड्या विकू' असं म्हणणाऱ्याला 'कोणत्या शेडमध्ये बनवणार' असं विचारलं की पुढची स्लाइड आठवत नाही. तरीही पंचाहत्तर गुणांसाठी कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलामुलींना ताळेबंद मांडायला लावणारा दुसरा कुठलाही उपक्रम कॉलेजात नसतो.

अकराव्या किलोमीटरला

एन्ड्युरन्सच्या मध्यावर, सुमारे ११ किलोमीटर झाल्यावर, चालक बदलावा लागतो. गाडी थांबते, इंजिन बंद होतं, पहिला चालक उतरतो, दुसरा बसतो, बेल्ट आवळले जातात. यासाठी वेळ तीन मिनिटं. सीट आणि पेडलच्या जुळवाजुळवीपलीकडे गाडीवर फारसं काही करायची मुभा नसते. गरम इंजिन पुन्हा सुरू झालं नाही तर वर्षभराची मेहनत तिथेच थांबते.

प्रत्येक टीमला हे माहीत असतं. तरी गाड्या अडकतात, कारण सराव गाडी थंड असताना शेडमध्ये केलेला असतो. नीट सराव म्हणजे गाडी वीस मिनिटं दमवायची, बंद करायची, तीन मिनिटं थांबायचं, पुन्हा सुरू करायची, आणि हे बॅटरी अर्धी उतरलेली असताना करायचं. बंद इंजिनावर कूलिंग फॅन चालू ठेवायचा की बॅटरी वाचवायची, हा निर्णय आदल्या आठवड्यात लिहून ठेवलेला असावा. ज्या टीममध्ये तो त्या क्षणी ओरडून घेतला जातो, तिथे कॅप्टन एक सांगतो, इलेक्ट्रिकलवाला दुसरं, आणि चालकाच्या हेल्मेटमधून दोघांचंही ऐकू येत नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या नियमांनी या बाबतीत एक फार चांगली गोष्ट केली आहे. प्रत्येक टीमला एक इलेक्ट्रिकल सिस्टिम ऑफिसर नेमावा लागतो. गाडी विजेच्या दृष्टीने सुरक्षित आहे असं जाहीर करण्याचा अधिकार त्याचा, आणि तो नाही म्हणाला तर कॅप्टनलाही गाडीला हात लावता येत नाही. पद मोठं की जबाबदारी मोठी, हा धडा वीस वर्षांच्या मुलांना इतक्या स्पष्टपणे देणारी दुसरी सोय आमच्या पाहण्यात नाही. पेट्रोलवाल्या टीमनी हीच पद्धत ब्रेक आणि वेल्डिंगसाठी स्वतःहून लावून घ्यायला हरकत नसावी.

कुठे गंडतं

आता तक्रारींकडे. पहिली तक्रार कॅप्टनच्या पदाबद्दल. बाहेरून सगळ्यांना तेच हवं असतं, रेझ्युमेवर तेच शोभतं. पण शिकण्याच्या हिशोबाने सर्वांत भरघोस जागा सबसिस्टिम लीडची. ब्रेक्सचा किंवा सस्पेन्शनचा लीड चार-पाच जणांकडून काम करून घेतो, त्याला स्वतःचं लाख-दीड लाखाचं बजेट असतं, वरच्याला उत्तर द्यावं लागतं आणि शेजारच्या विभागाशी जागेसाठी भांडावं लागतं. नोकरीतल्या पहिल्या पाच वर्षांत नेमकं हेच करायचं असतं. कॅप्टन मात्र बऱ्याच टीममध्ये परवानग्या, सह्या आणि ट्रक यांत वर्ष काढतो, किंवा मग स्वतःच वेल्डिंग करत बसतो कारण 'दुसऱ्या कोणाला नीट जमत नाही'. तो दुसरा प्रकार जास्त घातक. असा कॅप्टन आजारी पडला की शेड बंद.

दुसरी तक्रार मुलींना मिळणाऱ्या कामांची. टीमच्या फोटोत मुली असतात, पण कामाच्या वाटणीत मार्केटिंग, डॉक्युमेंटेशन आणि बिझनेस प्लॅन त्यांच्याकडे आणि लेथ-मिलिंग मुलांकडे, असं चित्र अजून सर्रास दिसतं. कारण बहुधा हॉस्टेलच्या वेळा: खरं काम रात्री नऊनंतर सुरू होतं आणि मुलींना साडेनऊला आत यावं लागतं. यावर उपाय भाषणांचा नाही. काम संध्याकाळी पाच ते नऊ ठेवायचं, आणि रात्रपाळी फक्त फॅकल्टी अॅडव्हायझरच्या लेखी परवानगीने. ज्या टीमनी हे केलं त्यांचे अपघातही कमी होतात, कारण रात्री दोन वाजता ग्राइंडर चालवणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवर गॉगल नसतो आणि झोप असते.

तिसरी, वर्गणी. पाच हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत वर्गणी घेणाऱ्या टीम आहेत, वर प्रवास आणि राहणं वेगळं. शिष्यवृत्तीवर शिकणारा मुलगा मुलाखतीत पास होऊनही मग येत नाही. तो कारण सांगत नाही, 'वेळ नाही' म्हणतो. नेतृत्व घडवण्याचा दावा करणाऱ्या उपक्रमात हे खटकतं. काही टीम वर्गणी कॉलेजच्या निधीतून भरतात किंवा प्रायोजक आणणाऱ्याची माफ करतात. चौकशी करावी.

हजेरीचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. ७५ टक्क्यांचा नियम, आणि विभागातले दोन प्राध्यापक टीमच्या नावाने बोटं मोडणारे.

आणि आता हस्तांतरण, ज्यासाठी आम्ही दोन गुण अडवून ठेवले आहेत. टीममधले लोक दर वर्षी बदलतात. शेवटच्या वर्षाची मुलं मे महिन्यात निघून जातात आणि त्यांच्याबरोबर डॅम्परचं (शॉक अॅब्सॉर्बरचं) सेटिंग, इंजिनच्या वायरिंगचा रंगसंकेत, कस्टम्सच्या एजंटचा नंबर आणि कुठला वेल्डर चांगला हेही जातं. उरतो तो गुगल ड्राइव्हवरचा 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच शेवटचं' असा ढीग. मग नवी टीम तीच गाडी पुन्हा पहिल्यापासून शोधते. अशा टीममध्ये तीन वर्षं काढलेल्याला तीन वर्षांचा अनुभव मिळत नाही, एकाच वर्षाचा तीनदा मिळतो.

चांगलं हस्तांतरण फार अवघड नसतं. प्रत्येक सबसिस्टिमसाठी चार-पाच पानं: काय बनवलं, काय मोडलं आणि का, कोणाकडून काय किती रुपयांना घेतलं व यायला किती दिवस लागले, पुन्हा करायचं तर काय बदलणार. स्पर्धा संपल्यावर पंधरा दिवसांत, निकालाचा राग ताजा असतानाच लिहायची. मग जुन्या लीडने नव्या लीडला गाडी उघडून पुन्हा जोडायला लावायची आणि स्वतः हात खिशात ठेवून बघायचं. नव्याला जिथे अडखळायला होतं तिथे कागदपत्र अपुरं आहे. हे एक शनिवार-रविवारचं काम आहे. नव्वद टक्के टीम ते करत नाहीत, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

जे इथे मिळणार नाही

टीममधले सगळे एकाच वयाचे, साधारण एकाच पार्श्वभूमीचे आणि स्वतःच्या हौसेने आलेले असतात. कारखान्यात ग्रॅज्युएट ट्रेनी म्हणून गेल्यावर शिफ्टमध्ये समोर पन्नाशीचा ऑपरेटर असतो. त्याला मशीन तुमच्यापेक्षा जास्त कळतं आणि तुमच्या 'चला, रात्री थांबू' याला तो भीक घालत नाही, त्याची बस साडेतीनला असते. त्याच्याशी कसं बोलायचं, ओव्हरटाइम कसा ठरतो, युनियनच्या प्रतिनिधीकडे कधी जायचं, कामचुकार माणसाची नोंद कशी करायची, हे रेसिंग टीम शिकवत नाही. तसंच एकच गाडी बनवणं वेगळं आणि रोज दोनशे बनवणं वेगळं. रिजेक्शन, लाइन बॅलन्सिंग (जोडणीच्या रांगेत काम सारखं वाटणं), साठा या गोष्टी इथे येतच नाहीत. टीमचे माजी लीड नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत कधीकधी जे तोंडावर आपटतात ते यामुळे: सगळ्यांनी आपल्यासारखं झपाटलेलं असावं अशी त्यांची अपेक्षा असते.

ही उणीव भरून काढायला बाकीचे तीन पर्याय उपयोगी पडतात का? एनपीटीईएलचे मॅनेजमेंटचे कोर्स, प्रोजेक्ट मॅनेजमेंट असो की नेतृत्व आणि टीमची परिणामकारकता, या पैशांत उत्तम आहेत. शिकणं फुकट, परीक्षेची फी एका कोर्सला १००० रुपये. २५ गुण असाइनमेंटचे आणि ७५ केंद्रावरच्या परीक्षेचे. बारा आठवड्यांच्या कोर्सात बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात, त्यामुळे परीक्षेच्या आठवड्यात दोन-तीन सुटल्या तरी बिघडत नाही. क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळा प्रोजेक्ट लांबतो ती साखळी), खर्चाचा अंदाज, संघर्ष हाताळण्याच्या पद्धती यांची परिभाषा तिथे नीट मिळते. टीममध्ये असतानाच एक कोर्स केला तर दोन्हीचा फायदा दुप्पट. नुसता कोर्स केला तर असाइनमेंटची उत्तरं कुठल्या ग्रुपवर मिळतात तेवढं कळतं.

अभ्यासक्रमातला पेपर शिकवणाऱ्यावर अवलंबून. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या रचनेत उद्योजकता, अर्थशास्त्र आणि मॅनेजमेंटला वेगळं स्थान मिळालं आहे, ही चांगली गोष्ट. कोर्सना मान्यता देणाऱ्या एनबीए या मंडळाच्या प्रोग्राम आउटकममध्येही (पदवीधराला काय यायला हवं या यादीत) 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट अँड फायनान्स' आणि टीमवर्क आहेतच. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांकडे मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) पूर्ण सदस्य असल्याने कॉलेजांना त्याचे पुरावे जमवावे लागतात. गंमत अशी की ते पुरावे बऱ्याचदा याच रेसिंग टीमच्या फोटोंनी भरतात, आणि टीमची बजेटची फाइल मात्र टेबलावर पडून असते.

दोन दिवसांची कार्यशाळा सोडून द्या.

आत शिरण्याआधी विचारायचे प्रश्न

टीममध्ये भरती साधारण स्पर्धा संपल्यावर किंवा नव्या वर्षाच्या सुरुवातीला होते. मुलाखतीला जाणारी मुलं बर्नूलीचं समीकरण पाठ करून जातात. त्याऐवजी मुलाखत घेणाऱ्यांनाच चार प्रश्न विचारले तर टीमची पारख लगेच होते. गेल्या वर्षीची हस्तांतरणाची फाइल बघायला मिळेल का? गेल्या स्पर्धेआधी गाडी किती किलोमीटर चालली होती? गेल्या वर्षी किती जण टीम सोडून गेले आणि का? पैशांचा हिशोब सगळ्या सभासदांना दिसतो का? शेवटच्या प्रश्नाला हशा मिळाला तर दुसरीकडे बघावं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला यावं, तिसऱ्या वर्षी सबसिस्टिम घ्यावी, चौथ्या वर्षी सल्लागार म्हणून बाजूला व्हावं, हा क्रम सर्वांत फायद्याचा. पहिल्या वर्षी घुसलेली मुलं पहिल्या सेमिस्टरला गणितात अडकतात आणि घरच्यांचा विरोध सुरू होतो. चौथ्या वर्षीही शेडमध्येच राहणारे प्लेसमेंटच्या मोसमात दोन्हीकडून जातात.

फॉर्म्युला की बाहा? पैसा कमी, वर्कशॉप बरं आणि टीम नवी असेल तर बाहा. तिथे चार तासांची एन्ड्युरन्स असते, गाडी मोडतेच, आणि पिटमध्ये दुरुस्ती करून परत पाठवायचा प्रसंग वारंवार येतो. दडपणाखाली काम वाटून देणं शिकायला याहून चांगली जागा नाही. बजेट, कागदपत्रं आणि धंद्याचा विचार यांत रस असेल तर फॉर्म्युला. इलेक्ट्रिकमध्ये उतरायचं तर आधी कॉलेजमध्ये बॅटरी ठेवायला वेगळी, अग्निरोधक जागा आणि लक्ष घालणारा इलेक्ट्रिकलचा प्राध्यापक आहे का ते बघावं. दोन्ही नसेल तर एक वर्ष थांबून पेट्रोल गाडीच चालवावी.

कॉलेजात यातलं काहीच नसेल तर रोबोटिक्सची टीम किंवा ड्रोनची टीमही चालेल, फक्त तीत खर्चाचा आणि हस्तांतरणाचा कागद मागायला विसरू नये. नवी टीमच काढायची असेल तर पहिल्या वर्षी स्पर्धेची नोंदणी करू नये. नियमपुस्तिका वाचावी, एखाद्या स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून जाऊन इन्स्पेक्शनच्या रांगेशेजारी तीन दिवस उभं राहावं, आणि कुठल्या गाड्या कशामुळे परत पाठवल्या जातात याची यादी करून आणावी.